फोर्ट कोची, फक्त दोघं, २६ जानेवारीचा जोडून आलेला वीकेंड: मुन्नार-अलेप्पी धरावं की सोडावं?

कोरांटी

मंडळी, मदत हवी आहे. जानेवारीत लग्नाला पंधरा वर्षं होतायत. यंदा २६ जानेवारी सोमवारी आलीये, म्हणून शुक्रवारी सकाळी मुंबईहून निघून सोमवारी संध्याकाळी परत असा बेत आहे. मुलं माझ्या आईकडे ठाण्याला राहतील. तिने आपण होऊन "जा तुम्ही दोघं" म्हटलंय, तेव्हा तिचं मन पालटायच्या आत तिकिटं काढायची आहेत.

मला समुद्र हवा, जुनं गाव हवं आणि संध्याकाळी कुठेतरी नुसतं बसता यायला हवं. फोर्ट कोची मनात भरलंय. पण अहोंना केरळ म्हटलं की अख्खं केरळ हवं असतं. त्यांनी रीतसर एक्सेल शीट केली आहे: शुक्रवार कोची, शनिवार मुन्नार, रविवार अलेप्पीची हाउसबोट, सोमवारी विमान धरण्याआधी अथिरापल्लीचा धबधबा. त्यात 'चहा' असाही एक रकाना आहे, दहा मिनिटांचा.

तर फोर्ट कोचीत तीन दिवस रमण्याइतकं आहे का? राहायचं तिथेच की एर्नाकुलमला? आणि मला मासे लागतात, अहो पक्के शाकाहारी. त्यांचे हाल होतील का?

पेठकर_नाना

वसईचा किल्ला पाहिलात का आधी? चिमाजी अप्पांनी १७३९ साली पोर्तुगीजांकडून घेतलेला. ठाण्याहून सकाळी निघालात तर दुपारच्या जेवणाला घरी. ते नको असेल तर रेवदंडा-कोर्लई करा. कोर्लईत अजून पोर्तुगीज वळणाची बोली बोलणारे लोक आहेत. एवढं हाताशी असताना विमान कंपन्यांची धन कशाला करायची?

दर्यावर्दी

नाना, लग्नाच्या वाढदिवसाला बायकोला वसईला नेऊन दुपारी जेवायला घरी आणणाऱ्या माणसाला रात्रीचं जेवण मिळेल का, याचाही विचार करा. :)

कोरांटी, मी दीव सुचवणार होतो. १५३५ साली बांधायला घेतलेला किल्ला थेट समुद्रात उतरलेला आहे, गर्दी बेताची, संध्याकाळी स्कूटर घेऊन भटकायला झकास. पण तिथे जाणंच कटकटीचं, वेरावळपर्यंत रेल्वे आणि पुढे रस्ता. तीन दिवसांतला एक प्रवासात जाईल. त्यापेक्षा कोची बरं. पुदुच्चेरीलाही चेन्नईहून पुन्हा तीन तास गाडी आहेच.

खलाशीण

कोरांटी, नवरा नौदलात असल्यामुळे कोचीत आमचं बिऱ्हाड होतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी ती एक्सेल शीट मिटव. कोची ते मुन्नार साधारण १३० किलोमीटर आणि घाटाचा रस्ता, म्हणजे एका बाजूने चार-पाच तास. तो जोडसुट्टीचा शनिवार, घाटात गाड्यांची रांग. शनिवारी तुम्ही मुन्नार पाहणार नाही, समोरच्या बसची मागची काच पाहाल. अलेप्पी तुलनेने जवळ, पन्नास-पंचावन्न किलोमीटर, पण हाउसबोटीचं गणित असं की दुपारी चढवतात, थोडं फिरवतात, संध्याकाळी बोट काठाला बांधतात आणि सकाळी उतरवतात. त्यासाठी कोचीची एक रात्र घालवू नकोस. बॅकवॉटर हवंच असेल तर कुंबळंगी अगदी जवळ आहे. खाडी, चिनी जाळी (काठावर खांबांना टांगलेली मासेमारीची मोठी जाळी), खेकड्यांचे पिंजरे, काथ्या वळणाऱ्या बायका असं सगळं अर्ध्या दिवसात होतं.

राहायचं फोर्ट कोचीतच, आणि हे मी आग्रहाने सांगते. एर्नाकुलम म्हणजे मोठ्ठं शहर, हॉटेलं चकाचक, पण रोज खाडी ओलांडून ये-जा करावी लागेल. फोर्ट कोचीत सकाळी सहा-साडेसहाला चपला घालून बाहेर पडलं की गाव तुमचं असतं. प्रिन्सेस स्ट्रीट, रोझ स्ट्रीट, बर्गर स्ट्रीट, परेड ग्राउंडच्या कडेची ती अवाढव्य रेन ट्री झाडं. त्यांच्या फांद्यांवर इतकी नेच्यांची झालर असते की खाली सावली हिरवी पडते. दहानंतर बसेस येतात आणि ते गाव गायब होतं. ते परत येतं संध्याकाळी. मधल्या वेळात घाम, घाम आणि घाम. जानेवारीतसुद्धा. तेव्हा दुपारी बारा ते चार खोलीत पंख्याखाली पडायचं. पंधरा वर्षांनी मुलांशिवाय दुपारची झोप मिळतेय, ती मुन्नारच्या घाटात काय घालवायची!

आता सगळ्यात महत्त्वाचं, वार. मट्टनचेरीचा राजवाडा (लोक डच पॅलेस म्हणतात तो) शुक्रवारी बंद. परदेसी सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, शुक्रवारी दुपारनंतर आणि शनिवारी पूर्ण बंद, कारण त्यांचा शब्बाथ, आठवड्याच्या विश्रांतीचा दिवस. बरेच लोक तुमच्यासारखेच शुक्रवारी पोचतात, शनिवारी रिक्षा करून मट्टनचेरीला जातात आणि कुलूप बघून परततात. रविवारी दोन्ही उघडी असतात. उलट चर्चेसमध्ये रविवारी सकाळी प्रार्थना, पर्यटकांना तेव्हा आत सोडत नाहीत. म्हणजे चर्च शनिवारी, मट्टनचेरी रविवारी. एवढं पाळलंस तर बाकी कसंही चालेल.

आणि डास. संध्याकाळी साडेपाचला खोलीच्या खिडक्या लावून मगच फिरायला बाहेर पडायचं. जुन्या बंगल्याच्या त्या सुंदर लाकडी झडपा फोटोसाठी उघड्या टाकल्यास तर रात्रभर टाळ्या वाजवत बसाल.

कोरांटी

खलाशीण, तुला साष्टांग. वारांचं हे गणित मला कुठेच सापडलं नव्हतं. अहोंना तुझा प्रतिसाद वाचून दाखवला. ते म्हणाले, "तीन दिवस एकाच गल्लीत करणार काय?"

वाफाळ

करणार काय म्हणजे? खाणार!

शाकाहारी अहोंची काळजी अजिबात करू नका. सकाळी अप्पम आणि व्हेज इश्टू (नारळाच्या दुधातला, अगदी सौम्य), नाहीतर पुट्टू-कडला. पुट्टू म्हणजे तांदळाच्या पिठाचा नळीत वाफवलेला दंडगोल, थरांमध्ये ओलं खोबरं, आणि कडला म्हणजे काळ्या चण्यांचं रस्सेदार प्रकरण. पुट्टूवर पिकलं केळं कुस्करून खायचं, हे पहिल्यांदा विचित्र वाटतं आणि दुसऱ्यांदा आपण स्वतः मागतो. दुपारी केळीच्या पानावरचं जेवण: लाल जाड भात, सांबार, अवियल, तोरन, पापडम. तो जाड भात सगळ्यांना आवडत नाही, पांढरा मागितला तर बहुतेक ठिकाणी देतात. मट्टनचेरीत गुजराती लोकांची जुनी वस्ती आहे, तिथे फरसाण, जिलबी, गुजराती थाळी असं सगळं मिळतं. तिथलं जैन मंदिरही बघून या, दुपारी कबुतरांना दाणे टाकतात तेव्हा सगळं अंगण पांढरं-करडं होतं.

कोरांटीताईंसाठी: करीमीन पोळ्ळिच्चदू, म्हणजे मसाला लावून केळीच्या पानात गुंडाळून तव्यावर भाजलेला मासा. काटे भरपूर, घाई करू नका. मीन मोइली घ्या, ती नारळाच्या दुधातली असते. आणि एकदा तरी ती लालभडक आंबट मीन करी कप्पाबरोबर, कप्पा म्हणजे उकडलेला टॅपिओका. त्यातला आंबटपणा कोडमपुळीचा. आपल्या आमसुलाची सख्खी चुलत बहीण, पण धुरावलेली, त्यामुळे चव एकदम वेगळी.

चिनी जाळ्यांपाशी ताजी मासळी विकत घेऊन शेजारच्या टपरीत शिजवून घ्यायची पद्धत आहे. मजा येते, पण मासळीचा भाव आणि शिजवणावळ दोन्ही आधी पक्की करा, आणि तराजूच्या काट्यावर नजर ठेवा. रोज मंडईत जाणारी बाई बरोबर आहे म्हटल्यावर जमेल.

मिरी, वेलची, सुंठ घ्यायची तर ज्यू टाउनच्या काचेच्या शोभिवंत दुकानांतून नाही, पुढे बाजार रोडवर जिथे हमाल पोती उतरवताना दिसतात तिथे. वासानेच रस्ता सापडेल.

चिंचपेटी

थोडं अवांतर. मी आणि माझा मित्र फेब्रुवारीत जायचं म्हणतोय. लग्न झालेलं नाही. तिथल्या होमस्टेमध्ये दाखला वगैरे मागतात का? इथे विचारू की नको असं वाटत होतं.

खलाशीण

विचार की, त्यात काय! दोघंही सज्ञान आहात, एकत्र खोली घ्यायला कायद्याची आडकाठी नाही. ओळखपत्रं मात्र दोघांची लागतात. फोर्ट कोचीतले बरेच होमस्टे म्हणजे एखाद्या कुटुंबाचं राहतं घर असतं, वर पाहुणे आणि खाली आजी-आजोबा. प्रत्येक घराची रीत वेगळी. म्हणून पैसे भरण्याआधी फोन करून सरळ सांगायचं, "आम्ही दोघं, अविवाहित, चालेल ना?" नाही म्हणाले तर पुढचं घर. दारात बॅगा घेऊन उभं राहिल्यावर कळण्यापेक्षा ते बरं. थेट प्रश्नाला तिथे थेट उत्तर मिळतं.

मधली_सुट्टी

नमस्कार. मीच तो एक्सेलवाला अहो. इतके दिवस नुसता वाचत होतो, आज खातं उघडलं.

मुद्दा एवढाच आहे की दोन माणसांचं विमानभाडं भरून गेल्यावर चार गोष्टी पाहाव्यात की नाही? चिनी जाळी, एक चर्च, एक राजवाडा, एक सिनेगॉग. मी नकाशावर मोजलं, सगळं मिळून सहा तासांत होतं. उरलेल्या वेळाचं काय?

आडगल्ली

मधली_सुट्टी, स्वागत. सहा तासांत होतं हे खरं आहे. बसवाले तीन तासांत उरकतात.

पण सेंट फ्रान्सिस चर्चचंच घ्या. मूळ १५०३ चं. वास्को द गामा १५२४ साली कोचीत वारला आणि इथेच पुरला. पुढे १५३९ मध्ये त्याचे अवशेष लिस्बनला नेले. आज आत त्याच्या जागेवर एक कठडा आहे, त्यापुढे फोटो काढून लोक निघतात. जरा भिंतींकडे बघा. पोर्तुगीज आणि डच थडग्यांच्या शिळा फरशीतून काढून भिंतीत उभ्या बसवल्या आहेत. त्यावरचे गलबतांचे, कवट्यांचे, कुलचिन्हांचे नक्षीकाम बघायला अर्धा तास लागतो. वर छताला आडव्या फळ्यांचे कापडी पंखे टांगलेत, त्यांच्या दोऱ्या भिंतीतून बाहेर गेलेल्या. पंखेवाला बाहेर उन्हात बसून ओढायचा, आतले लोक गारव्यात प्रार्थना करायचे. एकाच इमारतीत आधी कॅथलिक पोर्तुगीज, १६६३ नंतर प्रोटेस्टंट डच, १७९५ नंतर इंग्रज. डचांनी गाव जिंकलं तेव्हा बाकीची बरीच कॅथलिक चर्चेस पाडली, हे एक ठेवलं.

'फोर्ट कोची'तला फोर्ट शोधायला जाऊ नका. इम्मॅन्युएल किल्ला इंग्रजांनी १८०६ मध्ये पाडला, किनाऱ्यावर थोडे अवशेष उरलेत. पण बॅस्टियन स्ट्रीट, परेड ग्राउंड ही नावं त्याचीच.

मट्टनचेरीचा राजवाडा बाहेरून अगदी साधा, आपल्याकडच्या एखाद्या वाड्याएवढाच दबदबा. पोर्तुगीजांनी १५५५ च्या सुमारास बांधून कोचीच्या राजाला भेट दिला, डचांनी दुरुस्त केला म्हणून डच पॅलेस. आत राजाच्या शयनघराच्या भिंतींवर अख्खं रामायण रंगवलेलं आहे. पिवळा, गेरू, हिरवा, आणि रिकामी जागा कुठेच नाही. फोटो काढू देत नाहीत, त्यामुळे नीट बघितलं जातं. तिथे तुमचा दहा मिनिटांचा रकाना पुरणार नाही.

सिनेगॉग १५६८ चं. जमिनीवर चीनमधून आणलेल्या निळ्या-पांढऱ्या फरशा आहेत, हाताने रंगवलेल्या. बाहेर १७६० चा घड्याळाचा मनोरा. ज्यू टाउनमध्ये आता ज्यू जवळपास उरले नाहीत, बहुतेक १९४८ नंतर इस्रायलला गेले. आपल्याशी त्यांचा धागा आहे: अलिबाग-रेवदंड्याच्या बेने इस्रायलींना, म्हणजे आपल्या कोकणातल्या ज्यूंना, शनवार तेल्यांना, हिब्रू प्रार्थना आणि धर्मविधी शिकवायला कोचीचे ज्यू शिक्षक येत असत. नाना, तुमचा रेवदंडा आला बघा.

अजून एक. गोव्यातून पोर्तुगीजांच्या जाचाला कंटाळून खाली गेलेले कोंकणी गौड सारस्वत मट्टनचेरीत स्थायिक झाले. चेर्लाई भागात तिरुमला देवस्वमचं मोठं देऊळ आहे, आसपास अजून कोंकणी कानावर पडते. डच गव्हर्नर व्हॅन रीडने मलबारच्या वनस्पतींचा बारा खंडांचा 'होर्टस मलबारिकस' ग्रंथ सिद्ध केला, तो १६७८ ते १६९३ दरम्यान अ‍ॅमस्टरडॅमला छापला गेला. त्यात मलयाळी वैद्य इट्टी अच्युतन यांच्याबरोबर रंगभट, विनायक पंडित आणि आप्पू भट हे तीन कोंकणी पंडित होते. त्यांचं प्रमाणपत्र नागरी लिपीत छापलंय. सतराव्या शतकात, हॉलंडमध्ये, नागरी! त्या गल्लीतून सहा तासांच्या हिशोबाने चालत गेलात तर यातलं काही दिसणार नाही.

मधली_सुट्टी

बरं. मुन्नार काढलं. धबधब्याचं बघतो.

पेठकर_नाना

आडगल्ली, चिमाजी अप्पांना वसईत जे करावं लागलं त्याची दुसरी बाजू ही म्हणायची. वाचून बरं वाटलं.

एक प्रामाणिक शंका. आमच्या सौ.चे गुडघे दुखतात. तिथे चढउतार, पायऱ्या किती? (चौकशी करतोय फक्त.)

दर्यावर्दी

नाना, :) :) गाव तळहातासारखं सपाट आहे. राजवाड्यात वर जायला जिना आहे, बाकी काळजी नाही. वहिनींना बोटीत चढता आलं की झालं.

बोटीवरून आठवलं. एर्नाकुलमहून फोर्ट कोचीला राज्य जलवाहतूक खात्याची जुनी बोट आहे, भाडं दहा रुपयांच्या आत. गर्दी, इंजिनाची धडधड, आणि खाडीतली सगळी मोठी जहाजं अगदी जवळून. २०२३ पासून वॉटर मेट्रो सुरू झालीये, विजेवर चालणारी, एसी, भाडं साधारण ४० रुपयांपर्यंत. हायकोर्ट जेटीवरून सुटते. जाताना एकीने जा, येताना दुसरीने. आणि फोर्ट कोचीहून वायपिनला गाड्यांसकट नेणारी रो-रो आहे, आपल्या दाभोळ-धोपाव्यासारखी. काही मिनिटांत पलीकडे. सूर्यास्ताच्या आधी ती धरा: मागे वळून पाहिलं की चिनी जाळी, वर घारी, आणि नशीब असेल तर बंदराच्या तोंडाशी डॉल्फिन.

पोहायचं असेल तर वायपिनवरूनच पुढे चेराईचा किनारा, पंचवीसेक किलोमीटर. फोर्ट कोचीचा किनारा फिरायचा आहे, डुंबायचा नाही. लाटांबरोबर जलपर्णी आणि प्लास्टिक येतं, ते पाहून मूड जाईल. आधीच सांगून ठेवतो.

खलाशीण

दर्यावर्दी, बरं झालं सांगितलंत. इंटरनेटवरचे फोटो बघून गेलेल्या माझ्या नणंदेने किनारा बघून तोंड वाकडं केलं होतं.

मधली_सुट्टी, उरलेल्या वेळाची भीती वाटतेय तर हे घ्या. शनिवारी संध्याकाळी कथकली. फोर्ट कोचीत पर्यटकांसाठी तास-दीड तासाचे प्रयोग होतात, पण आधी तासभर रंगभूषा चालते ती प्रेक्षकांसमोर. खरी बघायची ती. नट पाठीवर निजलेला असतो आणि दुसरा माणूस त्याच्या हनुवटीभोवती कागदाची पांढरी कड बसवतो. आम्ही पाहुण्यांना मुद्दाम पाच वाजता नेऊन बसवायचो.

फोर्ट कोचीतल्या 'वेळी' नावाच्या भागाकडे धोबीखाना आहे. डचांच्या काळात इथे आणलेल्या तमिळ वण्णन लोकांची ही वस्ती. दोऱ्यांवर चिमटे न लावता, पिळातच कपडे अडकवून वाळवतात आणि कोळशाच्या इस्त्रीने परीटघडी करतात. माणसं कामात असतात, तेव्हा कॅमेरा काढण्याआधी विचारायचं.

शिवाय यंदा बिएनाले, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणारं मोठं कलाप्रदर्शन, चालू आहे, ३१ मार्च २०२६ पर्यंत. जुन्या वखारींमध्ये चित्रं, मांडणशिल्पं, प्रयोग. यंदाचं क्युरेशन गोव्याच्या निखिल चोप्रा आणि एचएच आर्ट स्पेसेसकडे आहे. काही कळेल, काही डोक्यावरून जाईल. पण वखारी बघायला मिळतात. एरवी त्यातल्या बऱ्याच बंद असतात. फक्त बिएनाले आणि जोडसुट्टी एकत्र आल्याने खोल्या झपाझप जातील, आजच बघा.

रिक्षावाला फारच स्वस्तात गाव दाखवतो म्हणाला तर समजायचं की मधे दोन-तीन 'एम्पोरियम' आहेत. आत गेलात की त्याला कमिशन. खरेदी करायची नसेल तर आधीच ठरवून घ्या, दुकान नाही आणि भाडं पूर्ण.

वाफाळ

विमानापेक्षा एका बाजूने रेल्वे का नाही कोणी सुचवत? नेत्रावती, मंगला, पुण्याहून पूर्णा. कोकण रेल्वेने पनवेलला बसलं की दुसऱ्या दिवशी एर्नाकुलम.

कोरांटी

वाफाळ, मनापासून इच्छा आहे, पण आईने दिलेली मुदत सोमवार रात्रीपर्यंतच आहे.

तर असं ठरतंय. शुक्रवारी दुपारी पोचणं, विमानतळापासून फोर्ट कोची चाळीसेक किलोमीटर म्हणजे दीड-दोन तास धरलेत, झोप, संध्याकाळी चिनी जाळी आणि रो-रो. शनिवारी पहाटे गल्ल्या, मग सेंट फ्रान्सिस आणि सांताक्रूझ ही दोन चर्चेस, दुपारी खोली, पाचला कथकली. रविवारी मट्टनचेरी अख्खा दिवस. सोमवारी सकाळी धोबीखाना, नाश्ता आणि विमानतळ. खोली एका ख्रिश्चन कुटुंबाच्या घरात मिळाली, बर्गर स्ट्रीटच्या मागे. अहोंनी धबधबाही काढला. शीट अजून आहे, पण रकाने मोठे केलेत.

मधली_सुट्टी

चहाला आता पाऊण तास दिला आहे. नोंद घ्यावी.

खलाशीण

घेतली. दोन दुरुस्त्या. रविवारी मट्टनचेरी 'अख्खा दिवस' लिहिलंय, पण सिनेगॉग दुपारी एक ते तीन बंद असतं. तेव्हा दहाला आधी तिथेच जा, मग राजवाडा, आणि भर उन्हात जेवण. तू मट्टनचेरीची बिर्याणी, अहोंना गुजराती थाळी, दोन वेगळ्या हॉटेलांत जेवलात तरी हरकत नाही, जैन मंदिरापाशी भेटा. आणि दोघांनीही त्या दिवशी बाह्या असलेले कपडे घाला, हाफ पँट नको, सिनेगॉगच्या दारातून परत पाठवतात. चपला बाहेर काढायच्या असतात, तेव्हा नाड्यांचे बूट नकोत.

पेठकर_नाना

सिनेगॉगला तिकीट असतं का? आणि फेब्रुवारीत गर्दी कमी असते ना?